गवती चहाची कुंडी आणि आठ दिवसांचं पाणी

«ताई, नमस्कार. मी परभणीची. सून बाळंत होऊन दोन महिने झालेत, नातू आहे. आमच्या गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. कॉइल लावायची नाही असं सुनेचं म्हणणं, ते मला पटतं. पण मी सांजच्याला कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करते म्हटलं तर त्यालाही ती नको म्हणते. तिनं मोबाइलवर बघून लिंबाच्या वासाचं कसलं तरी तेल मागवलंय, ते लेकराच्या अंगाला लावू म्हणते. मला त्या तेलाचा भरवसा वाटत नाही. मुलानं नर्सरीतून डास पळवणारी म्हणून चार झाडं आणून खिडकीत ठेवली, तरी डास आहेतच. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो. औषधाशिवाय, झाडपाल्याच्या वासानं हे जमेल का? कोणती झाडं लावू? आणि धुरी बरोबर का तेल, ते एकदा सांगा. — नातवाची आजी»

ताई, बाळाचं आधी सांगते, बाकीचं निवांत वाचा. दोन महिन्यांच्या लेकराच्या अंगाला ते तेल लावू नका. ते ज्या खोलीत झोपतं तिथं धुरीही करू नका. तुम्ही दोघी एकमेकींच्या उपायाला नको म्हणताय आणि दोघींचंही ते ‘नको’ बरोबर आहे, म्हणून यात कुणी हरलं असं मनात आणू नका.

आता वासाचं. झाडाच्या वासानं किडा लांब राहतो हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कणगीत ज्वारी भरताना मधे मधे कडुलिंबाचा वाळका पाला घालायचा, कुणाकडं निर्गुडीचा घालायचा. तुम्हीही घातला असेल. त्यात तथ्य आहे. गवती चहा, तुळस, निर्गुडी, निलगिरी, सगळ्यांच्या पानांत उडून जाणारं तेल असतं. ते झाडानं स्वतःसाठी बनवलेलं असतं, पान कुणी कुरतडू नये म्हणून. आणि ते पानातल्या किंवा पानावरच्या बारीक बारीक पिशव्यांत बंद असतं.

हे ‘बंद’ महत्त्वाचं आहे. पत्र वाचून झालं की खिडकीतल्या त्या कुंड्यांपाशी जा. एखादं झाड गवती चहाचं असेल तर पानाला हात न लावता, हातभर अंतरावरून हुंगून बघा. काही कळणार नाही. मग एक पान तोडा, दोन बोटांत चुरगळा आणि नाकाशी न्या. वास डोक्यात जातो ना? हाच फरक डासालाही जाणवतो. कुंडीत उभं असलेलं झाड आपली पिशवी उघडत नाही, त्यामुळं डास त्याच्या पानावर निवांत बसून राहू शकतो. नर्सरीत ‘डास पळवणारं झाड’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा सुवासिक पानांचं जिरेनियम असतं. अख्ख्या झाडाची तपासणी झाली तेव्हा त्यानं डास थांबवले नाहीत. तुमच्या मुलानं काळजीपोटीच आणलं, त्याला बोल लावू नका.

डास आपल्याला शोधतो कसा, हे कळलं की पुढचं सोपं होतं. चावते ती मादी, तिला अंडी घालायला रक्त लागतं. आपण सोडलेला श्वास, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांचा माग काढत ती येते. वनस्पतीचं तेल अंगावर असेल तर हा माग तिला नीट लागत नाही, किंवा जवळ आल्यावर तो वास तिला सहन होत नाही. पण जे तेल उडून जातं म्हणून वास येतो, ते उडून संपतंही. २००२ साली अमेरिकेत डास प्रतिबंधक पदार्थांची तुलना झाली, लोकांनी पिंजऱ्यात डासांपुढं हात धरून. गवती चहाच्याच जातीतल्या सिट्रोनेला गवताच्या तेलाची उत्पादनं सरासरी वीस मिनिटांच्या आत निकामी झाली. मनगटात घालायचे वासाचे पट्टे जवळपास काहीच कामाचे निघाले नाहीत. सुनेच्या त्या बाटलीकडं या हिशेबानं बघा. अंगणात बसून अर्धा तास शेंगा निवडायच्या असतील तर मोठ्या माणसाच्या पायाला ते चालेल. रात्रभराची राखण त्याच्यानं होणार नाही.

आणि बाळाला का नको, तर बाळ मूठ चोखतं. हाताला लावलेलं तेल पाच मिनिटांत तोंडात जातं. निलगिरीचं तेल, कापूर, कडुलिंबाचं तेल, तिन्ही लहान लेकराच्या पोटात थोडीशी गेली तरी झटके येऊ शकतात. कडुलिंबाचं तेल औषध म्हणून पाजल्यानं तान्ही लेकरं दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, आपल्याही देशातल्या आहेत. ‘झाडाचं आहे, त्यात काय’ हे मी माझ्या आजूबाजूला रोज ऐकते आणि प्रत्येक वेळी काळजात चर्र होतं. धोतराही झाडच आहे. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आपण आवडीनं खातो, पण त्याच सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेला पीएमडी नावाचा एक पदार्थ आहे, वनस्पतीच्या वासांत तोच काही तास टिकणारा. पण तोसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचा नसतो. मोबाइलवर आणखी एक युक्ती फिरते, डास मारायच्या विजेच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत कडुलिंबाचं तेल आणि कापूर भरायचा. ते करू नका. मशीन त्या तेलासाठी बनलेलं नाही, आणि कापराची ती बाटली रांगत्या लेकराच्या हातात जायला वेळ लागत नाही.

धुरीबद्दल तुमच्या मनाला लागेल असं लिहायचं नाही मला. बाळंतिणीच्या बाजेखालची शेकशेगडी, ओवा-शेपाचा वास, सांजच्या वेळी घरभर फिरवलेलं धुपाटणं, यात माया आहे. कडुलिंबाच्या ओल्या पाल्याच्या धुरानं डास काही वेळ बाजूला होतात हेही खरं. पण धूर कडुलिंबाचा असो नाहीतर गोवरीचा, त्यातले बारीक कण श्वासातून थेट फुप्फुसात जातात, आणि दोन महिन्यांच्या बाळाची फुप्फुसं अजून वाढतायत. बंद खोलीत एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके बारीक कण निघतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असं २००३ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. कॉइल नको म्हणणाऱ्या सुनेनं धुरीलाही नको म्हटलं, ते यामुळंच योग्य आहे. गोठा असेल तर धुरी गोठ्यात करा, किंवा अंगणाच्या टोकाला, वारा घराकडून बाहेर वाहत असताना. खोलीत नको.

आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे वाचून मी थांबले. ‘नळ आठ-आठ दिवसांनी येतो.’

डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, गटारीत वाढत नाही. त्याला साठवलेलं, स्वच्छ दिसणारं पाणी लागतं. पायावर पांढरे पट्टे असतात त्याच्या, नीट बघितलं तर दिसतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आपल्याकडं नळ किती दिवसांनी येतो? बरोबर तितक्याच. पाणी दोन दिवसांत संपत असतं तर अळीला डास व्हायला वेळच मिळाला नसता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ‘पाणी साठवू नका’ असं मी कोणत्या तोंडानं सांगू? साठवावंच लागतं. ड्रम, रांजण, हौद, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेवावंच लागतं. म्हणून मराठवाड्यात या डासाची वस्ती घराच्या आतच असते. तो लांब उडतही नाही, जन्मला तिथून शंभर-दोनशे मीटरांतच बहुतेक फिरतो. तुम्हाला चावणारा डास तुमच्या नाहीतर शेजारच्या ड्रममधला असतो.

उद्या सकाळी बॅटरी घेऊन ड्रममध्ये बघा. झाकण अलगद उचला, उजेड तिरका टाका आणि अर्धा मिनिट हलू नका. पाण्याच्या वरच्या थराला बारीक काड्यांसारखं काही डोकं खाली करून लटकलेलं दिसेल. तुमची सावली पडली की त्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. त्या अळ्या. स्वल्पविरामासारखे वाकडे काही दिसले तर ते कोष, त्यातून दोन दिवसांत डास उडणार.

पाणी ओतून द्यायला जीव होत नाही, मला माहिती आहे. ओतू नका. जुन्या सुती साडीच्या चौपदरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि फडकं उन्हात कोरड्या मातीवर झटका, अळ्या तिथंच मरतात. ते पाणी फरशीला, झाडांना वापरा. मग रिकामा ड्रम आतून काथ्यानं नाहीतर घासणीनं खसखसून घासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पाणी चढलं की फुटतात. नुसता ड्रम उपडा करून पुन्हा भरला तर तुम्ही अंड्यांना हवं तेच केलं असं होतं. आरोग्य खात्याच्या बाया ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगत फिरतात तो हाच. तुम्ही तो नळ यायच्या आदल्या दिवशी ठेवा, तेव्हा भांडी तशीही तळाला गेलेली असतात. पाणी भरलं की ड्रमच्या तोंडाला साडीचं कापड पसरून सुतळीनं आवळून बांधा आणि वर झाकण ठेवा. नुसत्या झाकणाला बोटभर फट असतेच. जो सिमेंटचा हौद रिकामाच करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात. पण ते ओढ्या-तळ्यात नेऊन सोडू नका, तिथल्या माशांचं नुकसान होतं.

कूलर विसरू नका. आपल्याकडं मे महिन्यात कूलरशिवाय दिवस निघत नाही, आणि पहिला पाऊस झाला की तो तसाच, तळाशी चार बोटं पाणी ठेवून, माडीवर नाहीतर जिन्याखाली जातो. वाळ्याच्या ताट्यांचा वास कितीही गोड असला तरी खालच्या टाकीत अळ्या होतातच. पाणी काढा, टाकी घासा, ताट्या कडक उन्हात वाळवा, मग ठेवा. फ्रिजच्या मागचा ट्रे, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, बाटलीत लावलेला मनी प्लांट हेही एकदा बघा.

आणि कुंड्यांखालच्या ताटल्या. हे मी स्वतःच्या घरचं सांगते. मी तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. आमच्या गॅलरीत गवती चहा, सब्जा, पुदिना, सगळं होतं. माझ्या भाच्याला डेंग्यू झाला तेव्हा तो आमच्याकडंच शिकायला होता. आरोग्य खात्याच्या आशाताई तपासणीला आल्या, त्यांनी गवती चहाची कुंडी उचलली आणि ताटली माझ्यापुढं धरली. दोन चमचे पाणी असेल. त्यात अळ्या वळवळत होत्या. पोराला सलाइनवर बघून आले होते मी तासाभरापूर्वी. ती ताटली मी विसरलेली नाही. तेव्हापासून माझ्या घरातल्या एकाही ताटलीत पाणी नसतं, त्यांत वाळू भरलेली असते. तुमच्या खिडकीतल्या चार कुंड्यांच्या ताटल्या आजच बघा, हे पत्रोत्तर वाचून झाल्यावर लगेच.

बाळासाठी मच्छरदाणी. पण ती दिवसा. एडिस दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि संध्याकाळी दिवे लागण्याच्या आधी सगळ्यात जास्त. तुम्ही सांजच्याला धुरी करणार, तोवर त्याचं पोट भरलेलं असतं. रात्री गुणगुणतो तो बहुतेक गटारीतला क्यूलेक्स, आणि मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस अंधार पडल्यावरचा. (हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पहिल्यांदा सापडला तो निजामाच्या मुलखातल्या सिकंदराबादच्या छावणीत, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना. तेव्हा आपला मराठवाडा त्याच मुलखात होता. विषय निघाला की मला दर वेळी याची आठवण होते.) बाळाला झोळीत झोपवत असाल तर झोळीवरून सगळीकडून खालपर्यंत येईल अशी जाळी टाका, जाळी अंगाला चिकटता कामा नये, कारण डास जाळीतून चावतो. मच्छरदाणीला बोटाएवढं भोक असेल तर ते आधी शिवा. पूर्ण बाह्यांचं मऊ झबलं, पायात मोजे. पंखा चालू ठेवा. डास हलका असतो, वाऱ्यात त्याला नीट उडता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही पंख्यानं विखुरतो. खिडक्यांना जाळी बसवायला खर्च आहे, पण निदान बाळाच्या खोलीच्या खिडकीला तरी या महिन्यात बसवून घ्या.

मोठ्या माणसांना झाडाचंच काही लावायचं असेल तर खोबरेल तेलात कडुलिंबाचं तेल, शंभर मिलिलिटरला दोन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याला जरा कमी. या प्रमाणावर आपल्या देशात चाचण्या झाल्या आहेत, मलेरियाच्या डासावर गुण चांगला दिसला, एडिसवर तेवढा नाही. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा, खाज आली तर सोडून द्या. पायाच्या घोट्यापासून पिंढरीपर्यंत नीट लावा, एडिसला खालचेच पाय सापडतात. सुनेनं मात्र बाळाला पाजायच्या आधी हात आणि छाती धुवावी. लिंबाच्या वासाची ती बाटली फेकायची नसेल तर चार थेंब तिळाच्या तेलात घालून तुम्ही आणि तुमच्या मुलानं संध्याकाळी वापरा, आणि बाटली उंचावर ठेवा. गल्लीत डेंग्यू आहे तोवर कामावर, शाळेत जाणाऱ्यांनी दुकानातली डीईईटी (डास लांब ठेवणारं रसायन) असलेली क्रीम लावली तरी त्यात काही कमीपणा नाही. वर सांगितलेल्या त्याच तुलनेत सुमारे २४ टक्के डीईईटी असलेल्या उत्पादनानं सरासरी पाच तास डास लांब ठेवले होते, कमी प्रमाण असलेल्यांनी त्याहून कमी वेळ.

तुमच्या दारात उघडी गटार आहे का, ते पत्रात नाही. असेल तर शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव, हिमायतनगर तालुक्यातलं, ऐकून ठेवा. तिथं घरोघरी सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे केले, सांडपाणी उघड्यावर वाहायचं थांबलं आणि गाव डासमुक्त झालं. बघायला लांबलांबून लोक गेले. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. अंगण असेल तर मुलाला एका रविवारी हे करता येईल. संडासच्या टाकीच्या वरच्या पाइपाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधायला तर पाच मिनिटं लागतात, आणि रात्रीचे डास तिथूनच ढिगानं निघतात.

एक गोष्ट पाठ करून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगात थोडाही ताप वाटला, किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर घरचं काही करत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरकडं न्या. मोठ्यांपैकी कुणाला ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, पण अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरीन किंवा ब्रुफेनसारखी गोळी दुकानातून आणून खाऊ नका, डेंग्यूत त्यानं रक्तस्राव वाढतो.

आणि झाडं. तुम्ही विचारलंय कोणती लावू, तर हौसेनं लावा. गवती चहाचा एक ठोंब न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, थेट जमिनीत लावा, त्याला ताटली लागत नाही आणि सांडपाणीही तो पिऊन टाकतो. अंगणाच्या कडेला निर्गुडी, तिला आपल्याकडं काही करावं लागत नाही, काळ्या मातीत दोन पावसांत डोक्याएवढी होते. दाराशी तुळस आहेच. संध्याकाळी अंगणात बसाल तेव्हा निर्गुडीची एक डहाळी तोडून पाय पुसल्यासारखी चुरगळून घोट्यांवर फिरवा, थोडा वेळ बरा जातो. गवती चहाची दोन पानं सुनेच्या चहात घाला. आणि नर्सरीतल्या त्या चार कुंड्या खिडकीतून काढून उन्हात ठेवा, ताटल्यांत वाळू भरून.